इथेच राहा, शहाण्यासारखा

२६ फेब्रुवारी, बुधवार

चांद्र नववर्षाची सुट्टी संपली, बोनस जमा झाला आणि दरवर्षीप्रमाणे राजीनामे आले. डिझाइन विभागात दोन वर्षांत आम्ही अकरा इंजिनिअर घेतले होते, सगळे पदवी हातात घेऊन थेट आलेले. त्यांतले चार गेले. दोघे अमेरिकेला, एक सिंगापूरला. चौथा बबल टीचं दुकान काढतोय. मी त्याला म्हटलं, "चार वर्षं यंत्रं शिकलास आणि चहा विकणार?" तर म्हणतो, "ल्याओ-ताई, चहा पिणारा माणूस निदान 'छान झालाय' म्हणतो तरी." उरलेल्या सातांपैकी थू पो-हानचाही राजीनामा माझ्या टेबलावर पडलाय. त्याला जपानला जायचंय.

दुपारी पान साहेबांनी बोलावलं. "ताई, हे सात जूनअखेरपर्यंत टिकले पाहिजेत. नाहीतर विभागाला कुलूप लावायचं आणि ड्रॉइंग बाहेरून विकत घ्यायची. एकतीस वर्षं तुम्ही माणसं भरती करताय. आता थोडी धरूनही ठेवा."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. जिला पोटचा एक मुलगा ताइचुंगमध्ये ठेवता आला नाही, तिने परक्यांची सात ठेवायची. आ-योऊ सहा वर्षांपूर्वी हॉलंडला गेला, दोन वर्षांत येतो म्हणून. तोही यंत्रांचाच इंजिनिअर. तिथे त्याने मार्लूसशी लग्न केलं, मुलगी झाली. फेन्ना आता चार वर्षांची आहे आणि मी तिला एकदाच मांडीवर घेतलंय. तिचे आजोबा गेले तेव्हा तो पाच दिवस आला होता, त्यातले दोन विमानात.

मला तो परत हवाय. हे ऑफिसात कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते.

३ मार्च, सोमवार

सकाळी खाली कारखान्यात गेले होते. श्युंग मिस्त्री यंत्रांवरची हिरवी पाकिटं बदलत होते. मी त्यांना गंमतीने म्हटलं, "मिस्त्री, तुमची यंत्रं वीस-वीस वर्षं टिकतात. माझी पोरं वीस महिनेही टिकत नाहीत."

"यंत्रांना रोज नजरेसमोर क्वाईक्वाई असतं, ताई. तुमच्या पोरांना कोण म्हणतं?"

खरंच की. मक्याच्या कुरकुऱ्यांचं नाव ते, पण लहानपणी आई आपल्याला तेच म्हणायची, क्वाईक्वाई, शहाण्यासारखा राहा. म्हणून तर प्रत्येक यंत्रावर एक पाकीट असतं. हिरवंच लागतं, नारळाच्या चवीचं. पिवळं ठेवलं तर यंत्राचा पिवळा, बिघाडाचा दिवा लागतो. तारीख उलटलेलं चालत नाही, कुणी खाल्लेलं तर मुळीच नाही. वर यंत्राचं नाव आणि त्याने काय करायचं ते शाईने लिहायचं. माझा यावर विश्वास आहे असं नाही, पण गेल्या वर्षी रात्रपाळीच्या एकाने चार नंबरवरचं पाकीट खाल्लं आणि चार नंबर तीन दिवस बंद होतं, हेही खरं.

दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातून सात पाकिटं आणली. माझं अक्षर चांगलं आहे. प्रत्येकावर नाव घातलं आणि खाली लिहिलं, 'इथेच राहा. शहाण्यासारखा राहा.' सातांच्या टेबलांवर ठेवून आले. सगळे हसले. पो-हानने तर पाकिटाला वाकून नमस्कार केला.

फक्त च्वो वान-शानने तिचं पाकीट परत आणून दिलं. सातांत ती एकटी मुलगी, आणि तोंड सात जणांचं. "ताई, मला कुणी शहाणी म्हटलं की अंगाला खाज सुटते. त्यापेक्षा माझ्या खुर्चीचं मोडलेलं चाक बदलून द्या."

१७ मार्च, सोमवार

पो-हानने राजीनामा मागे घेतला. मी काही बोललेसुद्धा नव्हते. आला, कागद उचलला आणि म्हणाला, "मी इथेच राहतो, ताई." चेहरा अगदी शांत. पूर्वी बोलताना त्याचा पाय सारखा हलायचा, तेही बंद झालंय.

वान-शान सोडून साही जण माझ्याआधी येऊन बसलेले असतात. जेवणाच्या सुट्टीत मोबाइल बघत नाहीत. काही सांगितलं की "ठीक आहे, ताई." पान साहेब म्हणाले, "काय जादू केलीत?" मी म्हटलं, "मायेनं वागलं की माणसं राहतात." म्हणताना जरा लाज वाटली, पण पाकिटांचं सांगितलं असतं तर हसले असते.

८ एप्रिल, मंगळवार

थडगी साफ करायचा सण झाला. चार दिवस सुट्टी होती. पो-हानच्या आईचा युनलिनहून फोन आला, बाई चांगलीच तापलेली होती. "आजोबांच्या थडग्यावर सगळा गाव आला, आमचा दिवटा नाही आला. म्हणतो, मला इथेच राहायचंय. तुम्ही सुट्टीतही कामाला जुंपता की काय?"

मी कुणालाच बोलावलं नव्हतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आले होते ना सहा जण. चारही दिवस. दिवे बंद, कॉम्प्युटर बंद, आणि सगळे आपापल्या खुर्चीवर. मी विचारलं, डबा आणू का, तर म्हणाले, ठीक आहे. आणला, तर तसाच पडून."

कामावर इतकी निष्ठा हल्ली कुठे बघायला मिळते? दिवे लावले नाहीत म्हणजे विजेचाही विचार केला पोरांनी. तरी त्यांना बजावलं की सुट्टीत घरी जायचं असतं. "ठीक आहे, ताई," सहाही जण एकदम म्हणाले. एकदम म्हणाले म्हणून मी जरा दचकले, इतकंच.

१५ एप्रिल, मंगळवार

अकराच्या सुमारास भूकंप झाला. बऱ्यापैकी होता, कपाटातल्या फायली खाली आल्या. सगळे मैदानात धावले. मी डोकी मोजली तर सहा कमी. धावत वर गेले. सहाही जण खुर्च्यांवर बसलेले, हात कीबोर्डवर. छताचा एक चौकोनी तक्ता पो-हानच्या शेजारी पडून फुटला होता आणि त्याच्या केसांवर पांढरी धूळ होती. त्याने ती झटकलीही नव्हती.

"अरे, बाहेर का नाही आलात?"

"इथेच राहायचंय ना, ताई."

मी रुमालाने त्याचे केस झटकले. धीट पोरं आहेत. मी मात्र संध्याकाळपर्यंत पगाराचा तक्ता तीनदा चुकीचा भरला. रक्तदाबाची गोळी सकाळी विसरले होते, त्याचंच ते.

२१ एप्रिल, सोमवार

वान-शान माझ्या खोलीत आली आणि तिने दार लावून घेतलं.

"ताई, तुम्ही त्यांच्याकडे नीट बघितलंय का कधी?"

"रोज बघते. तुझ्यापेक्षा लवकर येतात."

"मी काल पो-हानला मुद्दाम चुकीचं माप दिलं. दंडगोल बसणारच नाही असं. पूर्वी त्याने मला अख्ख्या विभागासमोर मूर्ख ठरवलं असतं. काल म्हणाला, ठीक आहे, आणि काढून दिलं. ताई, दीड महिन्यात त्या सहा जणांनी एक नवीन रेघ मारलेली नाही. गेल्या वर्षीची ड्रॉइंग पुन्हा पुन्हा काढतायत."

"तुला त्यांच्यासारखं होता येत नाही म्हणून पोटात दुखतंय तुझ्या."

ती हसली नाही. "मला इथे ठेवायचं असेल तर माझ्या नव्या स्पिंडलचं ड्रॉइंग साहेबांना वाचायला लावा. चाकही अजून मोडकंच आहे. मग राहायचं की जायचं ते मी बघेन."

अशा मुली सासरीही नांदत नाहीत.

संध्याकाळी आ-योऊला फोन लावला. त्याच्या मागे भांडी वाजत होती, फेन्ना काहीतरी गात होती. विचारलं, उन्हाळ्यात येताय ना? तो म्हणाला, "आई, यंदा नाही जमत. पुढच्या वर्षी नक्की." पुढच्या वर्षी नक्की हे मी सहाव्यांदा ऐकलं. मग फोन फेन्नाने ओढून घेतला आणि मोबाइल नाकात जाईल इतक्या जवळून मला स्वतःची नाकपुडी दाखवली. मला हसू आलं आणि फोन ठेवल्यावर रडूही आलं.

एक पाकीट शिल्लक होतं, वान-शानने परत केलेलं. तिचं नाव खोडलं. माझ्या मुलाचं लिहिलं, 'के चुंग-योऊ', पूर्ण नाव, आडनावासकट. खालची ओळ आधीच होती, तिच्यावर फक्त 'घरी ये' एवढं जोडलं. त्याच्या खोलीतल्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवलं. वेडेपणा आहे हे मला कळतं. आई म्हणून एवढा वेडेपणा मला माफ आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

आ-योऊ आलाय.

सकाळी सात वाजता बेल वाजली. दार उघडलं तर समोर हा. पायात घरातल्या सपाता, हातात काही नाही, कोटाच्या खिशात पासपोर्ट आणि फेन्नाचा एक लोकरी हातमोजा. मी विचारलं, "अरे, सामान?" तो म्हणाला, "आई, मी घरी आलो." आणि सरळ स्वतःच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसला.

मी इतकी रडले की शेजारीण बघायला आली. मला त्याच्या येण्याचं कारण नको आहे. ऑफिसला पहिल्यांदाच खोटं सांगून रजा घेतली आणि मुळा घालून बरगड्यांचं सूप केलं, रताळ्याचा पाला परतला, भात टाकला. वाढलं तेवढं सगळं त्याने संपवलं. आज मी सुखी आहे.

२६ एप्रिल, शनिवार

मार्लूसचा फोन आला. तिला आपली भाषा मोडकी येते. "आई, आ-योऊ तिकडे? पोलीस म्हणतात, विमान. मला समजत नाही. बुधवारी तो फेन्नाला आणायला गेला. सायकल स्टेशनवर सापडली. फेन्ना शाळेच्या दारात दोन तास उभी. एकटी."

मी म्हटलं, तो दमलाय, त्याला आईची आठवण आली असेल. तिकडे तिने एक दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्याला द्या."

मी व्हिडिओ लावून मोबाइल त्याच्यासमोर धरला. मार्लूस त्यांच्या भाषेत खूप काही बोलली, शेवटी ओरडली. तो म्हणाला, "ठीक आहे." मग फेन्ना आली. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि स्वतःचं नाक हलवू लागली, सशासारखं. हा त्या दोघांचा खेळ आहे, मी फोनवर कितीदा पाहिलाय. तिने दोनदा, तीनदा नाक हलवलं. तो नुसता बघत होता.

"आजी," ती मला आपल्या भाषेत म्हणाली, "हा पप्पा नाहीये. पप्पाला परत पाठव."

प्रवासाचा शीण आहे. चार वर्षांच्या पोरीला काय कळतंय?

६ मे, मंगळवार

तो सकाळी मी उठवलं की उठतो. जेव म्हटलं की जेवतो. मी ऑफिसातून येते तेव्हा खुर्चीवर असतो. पडदे मी सारले नाहीत तर अंधारातच असतो. विचारलं, "काय विचार करतोयस?" तर "काही नाही, आई." मी त्याला लहानपणीच्या गोष्टी सांगते आणि तो ऐकतो. गेल्या वीस वर्षांत त्याने माझं इतकं ऐकलं नव्हतं.

लहान होता तेव्हा माझ्या हातच्या सुपात मीठ जास्त पडलं की बापाला डोळा मारून म्हणायचा, "बाबा, आज समुद्र आलाय घरी." मला राग यायचा. आज मी मुद्दाम मीठ घातलं. एक चमचा, मग अजून दोन. मी स्वतः एक घोट घेतला आणि बेसिनकडे धावले. परत आले तर तो वाटी दोन्ही हातांत धरून शांतपणे पीत होता. त्याने ती संपवली. विचारलं, "कसं झालंय?"

"ठीक आहे, आई."

मीठ तेवढं जास्त नसेलही. भांडी घासताना मला नळाचा आवाज ऐकू येईना, इतकं कानात वाजत होतं.

९ मे, शुक्रवार

आज न राहवून श्युंग मिस्त्रींकडे गेले. पोरांच्या टेबलावर पाकिटं ठेवली होती हे सांगितलं. घरचं, आ-योऊच्या टेबलावरचं, सांगितलं नाही. ते आधी हसले.

"वर काय लिहिलंत?"

"इथेच राहा, शहाण्यासारखा राहा."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी मला हाताला धरून सात नंबरच्या यंत्रापाशी नेलं आणि पाकीट दाखवलं. 'सात नंबर, नीट चाल.' आठ नंबरवर, 'नीट चाल.' सगळ्यांवर तेच.

"यंत्राला आम्ही चाल म्हणतो, ताई. राहा म्हणत नाही. राहा म्हटलं तर राहीलच की ते. चालेल कशाला?"

मी विचारलं, समजा एखाद्याने चुकून लिहिलंच, तर?

"यंत्र विकलं की पाठवण्याआधी आम्ही काय करतो? पाकीट फोडतो आणि ज्याने लिहिलं त्याने खायचं. नाहीतर नव्या मालकाकडे ते सुरूच होत नाही. जीव इथेच अडकून पडतो." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "पण ताई, फोडलं की यंत्र जातं बरं का. ते थांबत नाही."

तेवढं मला त्यांनी सांगायची गरज नव्हती.

११ मे, रविवार

आज मातृदिन. सकाळी मी आ-योऊसमोर बसले आणि म्हटलं, "मला शुभेच्छा दे." तो म्हणाला, "शुभेच्छा, आई." मी म्हटलं, "म्हण, मला तुझी आठवण येत होती." तो म्हणाला, "मला तुझी आठवण येत होती." म्हण, मी जाणार नाही. "मी जाणार नाही." माझ्या मनात होतं ते एकेक वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं आणि एकही मला पोचलं नाही.

टेबलावरचं पाकीट घेतलं आणि फोडलं. सगळं खाल्लं, उभ्यानेच, दोन्ही हातांनी. अर्धं जमिनीवर सांडलं, तेही उचलून खाल्लं.

खुर्ची करकरली. "आई? किती वाजले? फेन्नाची शाळा सुटली असेल."

"आज रविवार आहे."

"बुधवार आहे. मी सायकल काढत होतो." त्याने पायांतल्या सपाता पाहिल्या, मग खिडकीबाहेर पाहिलं. मी सगळं सांगितलं. अठरा दिवस म्हटल्यावर तो माझ्यावर असा ओरडला की सतरा वर्षांचा असतानाही तसा ओरडला नव्हता. "मी काय भांडं आहे का गं, फळीवरून काढून आणायला?"

"मला तू हवा होतास."

"हा हवा होता?" त्याने खुर्चीकडे बोट केलं.

त्याने मार्लूसला फोन केला आणि त्यांच्या भाषेत रडला. मी त्याला त्याच्या वडलांचे बूट दिले, एक नंबर लहान होतात. विमानाचं तिकीट त्याने माझ्याच मोबाइलवरून काढलं. निघताना पुन्हा येईन म्हणाला नाही आणि मीही विचारलं नाही. लिफ्टचं दार लागता लागता म्हणाला, "गोळ्या वेळेवर घेत जा." आवाजात अजून राग होता. तो माझ्या मुलाचा आवाज होता.

१२ मे, सोमवार

सकाळी ऑफिसात गेले तर पो-हानची आई आलेली. गेल्या महिन्यात फोनवर तापलेली तीच बाई, आज नव्या कपड्यांत. बांबूच्या पानात बांधलेल्या भाताच्या पुरचुंड्यांची माळच्या माळ माझ्या हातात दिली.

"ताई, मी तुम्हाला नको ते बोलले, मनात ठेवू नका. पोरगं किती गुणी झालंय हो. रोज आठला फोन करतो. जपानचं नाव काढत नाही. लग्नाचं म्हटलं तरी ठीक आहे म्हणतो. पूर्वी दर वाक्याला भांडायचा." मग खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "पहारेकरी म्हणत होता, तुम्ही पाकिटावर काही लिहिलंत. धाकटी मुलगी ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणतेय. नेमकं काय लिहायचं, ते मला लिहून द्या ना."

मी तिला काही लिहून दिलं नाही. तिला घेऊन वर गेले. सहा जण बसले होते. वान-शान उपड्या केलेल्या खोक्यावर बसून काम करत होती. पो-हानची आई त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "बघा, कसा बसलाय." तो समोर बघत होता.

पान साहेब काचेपलीकडून बघत होते. जूनअखेर, सात जण, विभागाचं कुलूप, सगळं मला माहीत होतं. मी पो-हानचं पाकीट उचललं आणि फोडलं.

"अहो, काय करताय?" ती म्हणाली. मी खात होते. तोंड भरलं होतं, बोलता येईना.

पो-हानचा पाय टेबलाखाली हलायला लागला. त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खुर्ची मागे सारून उभा राहिला. "आई, मी जपानला चाललोय," तो म्हणाला. "तुला कितीदा सांगितलंय."

तिने खाडकन माझ्या थोबाडीत मारली. बाई शेतात काम करणारी, हात जड आहे. चष्मा पडला. मी तो शोधत बसले नाही, पुढच्या टेबलापाशी गेले आणि दुसरं पाकीट फोडलं.